तुलनेचा जिना

आईच्या दाराच्या कडीला पांढऱ्या कापडाची एक पट्टी बांधलेली होती, आणि तिच्या टोकाशी असलेला काळपट डाग थोरलीनं लगेच ओळखला. सिल्व्हर नायट्रेटचा डाग. कॉलेजात बाटलीचं बूच नीट न बसल्यामुळे पडलेला, कुठल्याच साबणाला दाद न दिलेला. म्हणजे आईनं तिचा प्रयोगशाळेतला कोट फाडला होता. ‘राहू दे गं, कधी लागला तर,’ म्हणत इतकी वर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर जपलेला, कुणाला देऊ न दिलेला कोट आईनं कात्री लावून कापला होता आणि त्याची चिंधी दाराला बांधली होती. रविवारची सकाळ होती. एरवी थोरली जेवायच्या वेळेला यायची. आज तिच्या इमारतीची टाकी धुणार होते, पाणी नव्हतं, म्हणून टॉवेल आणि कपडे पिशवीत घालून ती आंघोळीलाच इकडे आली होती. किल्ली हातात होती. ती कुलपात घालायची सोडून ती पट्टीकडे बघत उभी राहिली. कोटाचं तिला काही वाटलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. जे वाटलं ते वेगळंच; जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. या जिन्यातल्या एकाही दाराला पट्टी असता कामा नये होती. हा तुलनेचा जिना होता.

संस्थेत तिला थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. नात्यानं त्या एकमेकींच्या कुणी नव्हत्या. एका खोलीत समोरासमोर बसायच्या, एक आधी लागलेली आणि एक नंतर, म्हणून संचालकांनी केव्हातरी गमतीनं ही नावं ठेवली आणि ती चिकटली. संस्थेचं काम सांगायला सोपं होतं: शहरातल्या लोकांची एखादी अडचण मोजायची, तिच्यावर साधासा उपाय करून बघायचा, आणि तो खरंच लागू पडला का ते पुन्हा मोजायचं. मोजणं थोरलीकडे आणि माणसं धाकटीकडे, अशी वाटणी कुणी केली नव्हती. पाणी उताराकडे जातं तशी ती होऊन गेली होती. धाकटीला टक्केवारीच्या पुढचं गणित येत नसे. ‘ते तुझं जादूटोण्याचं तू बघ बाई,’ असं ती खुशाल म्हणायची आणि पाय हलवत शेंगदाणे खायची. पण ती कुठल्याही अनोळखी दारात उभी राहिली की आतून आधी खुर्ची यायची, मग पाणी, आणि मग त्या घरानं सख्ख्या भावालाही न सांगितलेली गोष्ट. थोरली दारात उभी राहिली की लोक विचारत, ‘कुठल्या ऑफिसातून?’

कारखान्याच्या या जुन्या वसाहतीत एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ होती. कुणी न्हाणीघरात पडलं, कुणाला ताप चढला, तर शेजाऱ्याला दोन-दोन दिवस पत्ता लागत नसे. पहिला उपाय थोरलीचा होता. गळ्यात घालायचं बटण. दाबलं की दवाखान्यात घंटा वाजायची. यंत्र चोख होतं, एकदाही बिघडलं नाही. बिघडायला ते कुणी दाबायला तरी हवं. लोकांनी बटणं कपाटात ठेवली, खुंटीला टांगली. आईनं तर चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवून वर रबर लावलं होतं, हरवू नये म्हणून. थोरलीनं अहवालात लिहिलं, ‘वापर झाला नाही.’ ते खरं होतं आणि तिथंच संपलं होतं. तेव्हा तिची मदतनीस असलेली धाकटी मात्र त्याच लोकांकडे पुन्हा गेली, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली आणि कुणी बटण का दाबलं नाही ते ऐकत राहिली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: उगीच कुणाला कशाला त्रास? त्यातून तिनं पट्टीची कल्पना काढली. रात्री निजताना ज्यानं त्यानं आपल्या दाराला बाहेरून कापडाची पट्टी बांधायची. जिन्यातल्या दोन-दोन माणसांची जोडी लावायची. सकाळी जो आधी उठेल त्यानं दुसऱ्याची पट्टी सोडायची, दार वाजवायचं आणि ती हातातच द्यायची. दाराखालून सरकवायची नाही. बस्स. मदत मागायची लाज वाटणारी माणसं दुसऱ्याची पट्टी द्यायला मात्र गुडघे धरून, कठड्याला टेकत, वेळेवर हजर होऊ लागली. धाकटी प्रत्येक व्याख्यानात सांगायची, ‘हे सगळं थोरलीच्या अभ्यासातूनच निघालं.’ लोक मागे वळून थोरलीकडे बघत आणि ती मान तुकवत असे. धाकटीनं ते लपवलं असतं तर फार बरं झालं असतं. चोरीचा राग धरता येतो, दानाचं काय करायचं?

अर्ध्या जिन्यांना पट्टी द्यायची आणि अर्ध्यांना वर्षभर काहीच करायचं नाही, म्हणजे फरक दिसेल. हे मात्र थोरलीनं आखून दिलं होतं. चिठ्ठ्या तिनंच टाकल्या. आईचा जिना तुलनेच्या बाजूला आला तेव्हा ती संचालकांना सांगून मोकळी झाली होती, आणि ते म्हणाले होते, ‘मग तर बरंच, तुमच्या आईंचा पट्टीशी संबंधच येत नाही.’ शेवटचा हिशेबही तिच्याकडेच आला. कुठला गट कोणता हे तिला कळू द्यायचं नव्हतं. कागदावर नुसते क आणि ख. शुक्रवारी दुपारी तिनं, कुणाला पत्ता न लागता आजारपणात गेलेल्या दिवसांच्या, दोन्ही गटांच्या रेषा एकावर एक काढल्या तर त्या अशा बसल्या की वरची उचलल्याशिवाय खालची दिसेना. गट क काय आणि ख काय, कळायची गरजच उरली नाही. मागच्या वर्षापेक्षा दोन्ही गट सुधारले होते, पण ते कशानंही झालं असेल; हिवाळा सौम्य गेला होता, कोपऱ्यावर नवा दवाखाना उघडला होता. पट्टीमुळे फरक पडला असं म्हणायला जागा नव्हती. मंगळवारी नगरपालिकेच्या अधिकारीबाई येणार होत्या. फरक दिसला तर शहरातल्या सगळ्या वसाहतींना पट्टी. नाही तर इथलीही बंद. थोरलीनं हिशेब पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा केला, आणि मग पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. तिच्या जिभेवर हलकी गोड चव आली, खरोखरची, ताप उतरल्यावर पहिल्यांदा पाणी प्यावं तशी. तिनं ती चव ओळखली आणि नाव न देता गिळून टाकली. तिनं काहीच केलं नव्हतं. आकडा आपोआप आला होता. इतका स्वच्छ, इतका कुणाचाही हात न लागलेला आकडा तिच्या हातून कधी निघाला नव्हता.

आणि आता हे. ती किल्ली लावून आत गेली तर आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, ‘हातात द्यायची म्हटलं ना! किल्लीनं कशाला उघडता?’

‘मी आहे.’

‘अगं बाई, तू होय. एवढ्या सकाळी? बरी आहेस ना?’

‘आमच्याकडे पाणी नाही. आई, दाराला ते काय आहे?’

‘पट्टी.’ आईनं गॅस बारीक केला. ‘तूच आखलंयस ना सगळं? मला काय विचारतेस?’

‘तुमच्या जिन्याला पट्टी नाहीये. तुम्ही तुलनेला आहात.’

‘हो, ते धाकटी बोलली. म्हणाली, मावशी, तुमच्या जिन्याला पुढच्या वर्षी, तोवर थांबा. मी कशाला थांबू? पलीकडच्या जिन्यात ती विमावाल्याची बायको, जिला वर्षानुवर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं, ती बाल्कनीत उभी राहून सांगते, आमच्या दारावर रोज माणूस येतं. त्यांच्या दारावर येतं आणि आम्ही काय पाप केलंय? तुलनेला म्हणजे काय, नुसतं बघत बसायला? आम्ही आमच्या जोड्या लावल्या. त्यांच्या पट्ट्या हिरव्या आहेत, एकसारख्या. आमच्या ज्याच्या त्याच्या मनाच्या.’

थोरली खुर्चीवर बसली. पुढचं गणित डोक्यात आपोआप सुटत गेलं. ती ते थांबवू शकली नाही. संस्थेत याला पाझर म्हणत. उपाय एका बाजूला ओतायचा आणि तो भिंतीतून झिरपून दुसऱ्या बाजूला निघायचा. मग दोन्ही भिंती सारख्याच ओल्या दिसतात आणि मोजणारा म्हणतो, फरक नाही. गेल्या पावसाळ्यात धाकटी तिला खोलीत हसत सांगायला आली होती, ‘ऐक ना, गंमत झालीय, काही तुलनेच्या जिन्यांत म्हणे –’ आणि थोरलीनं तळहात वर करून तिला तिथंच थांबवलं होतं. ‘मला काही सांगू नकोस. मला कळता कामा नये.’ नियम होता तो. धाकटीनं जीभ चावली, कान पकडले, आणि पुन्हा शब्द काढला नाही. त्या गमतीनं आपला आकडा बुडणार आहे हे तिला कळण्यासारखंच नव्हतं. तिला वाटलं, बरंच झालं की, सगळेच बांधतायत.

‘आणि माझा कोट फाडलास?’

‘लख्ख पांढरा होता, अंधारात दिसतो. तू काय घालणार होतीस आता?’

दार वाजलं. आई पदर सावरत, केसावरून हात फिरवत दाराकडे गेली. केसावरून हात फिरवण्याची ही तऱ्हा थोरलीनं बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. दारात समोरचे बँडवाले काका उभे होते. आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवून आणि ढोलांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या कानांची वाट लागली होती, त्यामुळे ते बोलले की वरच्या मजल्यालाही बातमी कळे. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी आईच्या हातात दिली, बक्षीस दिल्यासारखी.

‘वहिनी, गुडघा काय म्हणतो?’

‘हळू बोला, लेक आलीय.’

‘आँ?’

‘लेक! आलीय!’

‘अरे वा! ये ये, बेटा. मग सांगितलंत ना तिला पडल्याचं? मी म्हटलंच होतं, लेकीपासून काय लपवायचं! अगं, मी पट्टी द्यायला आलो म्हणून कळलं. दार वाजवतोय, वाजवतोय, न्हाणीघरातून नुसतं मांजरासारखं कण्हणं. मग खालच्या पोराला बोलावून कुलूप फोडलं. आठवडाभर हिंडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तर तिसऱ्या दिवशी या बाई कठडा धरून माझी पट्टी द्यायला हजर!’

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःच्या सदऱ्याची बटणं तपासू लागले. थोरलीला दाराचं नवीन कुलूप आठवलं. ‘जुनं अडकायला लागलं होतं,’ असं आई म्हणाली होती आणि तिच्या हातात नवी किल्ली ठेवली होती. थोरली तेव्हा म्हणाली होती, चांगल्या कंपनीचं घेतलंस ना?

काका गेल्यावर ती म्हणाली, ‘मला का नाही कळवलंस?’

‘काय करणार होतीस? पुन्हा ते बटण गळ्यात घालणार होतीस.’ आई हसली, पण थोरली हसली नाही तशी म्हणाली, ‘अगं, मुका मार होता. धाकटीनं मलम आणून दिलं. रोज येऊन चोळून जायची. तिलाही शपथ घातली होती मी, तिच्यावर नको चिडूस.’

धाकटी. आई हा शब्द अगदी सहज बोलली, घरात जन्मलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसा. या घरात धाकटी कुणी नव्हती. थोरली एकुलती एक होती. लहानपणी पाटावर, फोटोत, बाबांच्या सायकलच्या दांडीवर ती एकटीच होती, आणि भाऊ-बहीण नाही म्हणून शेजारणी चुकचुकायच्या तेव्हा तिला मनातून अगदी बरं वाटायचं. धाकटीला या घरात तिनंच आणलं होतं. केव्हातरी पाहणी संपता संपता दोघी उन्हात दमल्या होत्या, आईचं घर जवळ होतं, ती म्हणाली चल जेवायला. धाकटीनं आत येताच चपला पायानंच भिरकावल्या, आईच्या हातातून लाटणं काढून घेतलं, आणि नकाशासारख्या वेड्यावाकड्या पोळ्या लाटत आईला इतकं हसवलं की आईला ठसका लागला. थोरली तेव्हा ताटं पुसत होती. आईला हसू येतं ते खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर धाकटी दर रविवारी संध्याकाळी येते, हे तिला ठाऊक होतं. आपण जेवून निघून गेल्यावर येते, म्हणजे आपल्या वेळेला धक्का नाही, असा हिशेब तिनं मनाशी मांडला होता. वेळ ही वाटून घेता येणारी गोष्ट आहे असं तिला वाटत असे. आता न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना तिनं फरशीकडे पाहिलं. नेमकी कुठं पडली असेल? बादलीपाशी, की उंबऱ्यात? हे बँडवाल्यांना ठाऊक होतं, खालच्या पोराला ठाऊक होतं, धाकटीला तर गुडघ्यावरची सूज कुठून कुठवर होती तेही ठाऊक होतं. तिनं आईचा गुडघा शेवटचा कधी पाहिला होता? साबण हातातून दोनदा निसटला. बाहेर आल्यावर ती आईला म्हणाली नाही की दाखव. आईही म्हणाली नाही की बघ.

सोमवारी ऑफिसच्या आधी ती पुन्हा वसाहतीत गेली. आईकडे नाही, बाकीच्या तुलनेच्या जिन्यांत. तिनं स्वतःला सांगितलं की खात्री करून घ्यायला हवी. खरी गोष्ट अशी होती की दुसरीकडे कुठं काही नसावं असं तिला वाटत होतं. एकट्या आईच्याच जिन्याचा हा हट्ट असेल तर तो एक चुकार आकडा ठरतो, अहवालात त्याला तळटीपही लागत नाही, आणि शुक्रवारची रेषा जशीच्या तशी राहते. ती पहिल्या जिन्यात शिरली. ओलसर सिमेंटचा आणि ताज्या चहाचा वास. तळमजल्यावर एका कडीला नेकटाय बांधलेला होता, लाल, गाठ मारून, साहेबी थाटात. समोर बाळाचं लाळेरं. वर गेली तर बुटाची नाडी, उशीच्या अभ्र्याची किनार, पायमोजा. एका दाराला कुणीतरी मापं घ्यायची टेप बांधली होती, तिच्यावरचे आकडे उलटे लोंबत होते. एक म्हातारा पायजम्याची नाडी सांभाळत खाली येत होता, तिला बघून थबकला. ‘कुणाकडे?’

‘नुसतं बघतेय.’

‘बघा. पण सोडू नका हां कुणाची. ज्याच्या त्याच्या जोडीदारानंच सोडायची.’ आणि मग मान पुढं काढून, ‘पलीकडच्यांना सरकारी मिळाल्यात. आमच्या घरच्या आहेत. तरी बघा, आमची एकसुद्धा चुकत नाही. त्यांच्याकडे परवा एकाची राहिली होती.’

दुसऱ्या जिन्यात तेच. तिसऱ्यात तेच, फक्त चौथ्या मजल्यावर एका दाराला काही नव्हतं. तिथं कुलूप होतं आणि धूळ. ती खाली उतरून मैदानाच्या कठड्यावर बसली. सगळी वसाहत एकमेकांच्या दाराकडे बघून जळत होती, आणि जळता जळता तिनं स्वतःची सोय करून घेतली होती. याला काय म्हणायचं? तिच्या विषयाच्या पुस्तकांत लोक उपाय स्वीकारतात, नाकारतात, विसरतात. जळतात असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि तिला तर जळण्याबद्दल सगळं ठाऊक होतं; त्याची चव, त्याची वेळ, दुसऱ्याला शिंक आली तरी ती आपल्यापेक्षा बरी आली असं वाटणं. एवढी माहिती असून तिच्या जळण्यातून एक पट्टीसुद्धा निघाली नव्हती. वाटेत तिनं ठरवलं की मंगळवारी ती फक्त आकडा सांगेल. आकडा खरा आहे. पट्ट्या मोजायचं काम तिला कुणी दिलेलं नाही, आणि स्वतःची आई ज्यात आहे ती गोष्ट पुराव्यात आणायची नसते, हा तर साधा नियम. तिनं आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. नियमानं वागून एवढं मोठं काम होऊ शकतं हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

मंगळवारी बैठकीच्या खोलीतला पंखा नेहमीप्रमाणे टकटक करत होता. संचालक, अधिकारीबाई, धाकटी आणि ती. धाकटी नवे कपडे घालून आली होती, आणि मानेमागचं किमतीचं लेबल काढायला विसरली होती. थोरलीला ते दिसलं. तिनं सांगितलं नाही. दिवा मालवून तिनं भिंतीवर दोन रेषा दाखवल्या. अधिकारीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

‘इथं मला एकच रेष दिसतेय.’

‘दोन आहेत. एकावर एक.’

‘म्हणजे फरक नाही?’

‘नाही.’

‘काहीच?’

‘मोजता येईल असा नाही.’

संचालकांनी दिवा लावला. अधिकारीबाई माणूस म्हणून बऱ्या होत्या, त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या म्हणाल्या, ‘काय करणार, मला वर काहीतरी दाखवावं लागतं. इतकी चांगली कल्पना होती.’ आणि त्यांनी समोरचे कागद गोळा करून टेबलावर उभे आपटून सारखे केले. थोरली त्या कागदांच्या कडांकडे बघत होती. आता तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं श्वास घेत बसायचं होतं. धाकटी भांडेल असं तिला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी आणून लोकांच्या गोष्टी सांगेल, आणि मग तिला शांतपणे म्हणता येईल, गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे. पण धाकटीचा चेहरा नुसता रिकामा झाला होता. ती भिंतीकडे बघत होती, जिथं आता काही नव्हतं.

‘थोरलीचं गणित आहे,’ ती म्हणाली, ‘म्हणजे बरोबरच असणार. मलाच वाटत होतं की लोक... जाऊ दे. मी सांगेन माझ्या माणसांना, की सोडा पट्ट्या.’

‘तुझी माणसं?’ थोरली म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. संचालकांनी वर पाहिलं.

‘तुझी कशी? त्यात माझी आई आहे.’

‘मावशी?’ धाकटी गोंधळली. ‘मावशी तर तुलनेला –’

‘माझी आई आहे ती. तुझी माणसं नाहीत सगळी. तुलनेच्या प्रत्येक जिन्यात पट्ट्या आहेत, तुला माहीत आहे, तू मला सांगायला आली होतीस आणि मी सांगू दिलं नाही. मी काल बघून आले. टाय बांधलेत, मोजे बांधलेत. माझ्या आईनं माझा कोट फाडून बांधलाय.’ ती उभी राहिली होती हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ‘म्हणून रेषा एक आहे. फरक पडला नाही म्हणून नाही. सगळीकडे पडला म्हणून.’

‘पण त्यांना तर कुणी दिल्याच नव्हत्या,’ अधिकारीबाई म्हणाल्या. ‘मग त्यांनी कशाला बांधल्या?’

‘हेवा वाटला म्हणून.’

‘काय?’

‘हेवा. पलीकडच्यांच्या दारावर माणूस येतं, आमच्या का नाही, म्हणून.’

अधिकारीबाईंना हसू आलं. ‘हे वर कसं लिहू मी?’ मग त्यांचं हसू मावळलं. ‘पण बाई, हे सिद्ध होईल का? की तुमच्या आई म्हणतात म्हणून?’

‘होईल. कुठल्या जिन्यात पट्टी कधी लागली ते घरोघर विचारता येईल. पट्टीवाल्या जिन्यांच्या समोरचे जिने आधी लागले असतील, लांबचे नंतर. आणि ज्या महिन्यात लागले त्याच महिन्यापासून सुधारणा दिसायला हवी. नाही दिसली तर मी चुकले.’ ती थांबली. पुढचं बोलायची गरज नव्हती. एवढ्यानं भागलं असतं. ‘माझी आई न्हाणीघरात पडली होती. शेजारी पट्टी द्यायला आले म्हणून त्यांना कळलं. मला कळलं नाही. मला परवापर्यंत माहीत नव्हतं. माझ्याकडे घराची किल्ली आहे.’ पंखा टकटक करत राहिला. ‘आणि हा हिशेब पुढं मी करू शकत नाही, कारण हे मी आता सांगितलंय. तो दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझं नाव त्यावर नको.’

संचालक खाकरले. ‘ते लेखी द्यावं लागेल.’

‘देते.’

अधिकारीबाईंनी गोळा केलेले कागद पुन्हा पसरले. ‘बंद करू नका मग सध्या,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं ते घरोघर विचारून होऊ दे. बरोबर निघालं तर मी स्वतः वर नेते, शहरभर.’ आणि जरा वेळानं, धाकटीकडे वळून, ‘अहो, तुमचं लेबल राहिलंय मागे.’

धाकटीनं तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. डोळे लाल, नाक लाल, लेबल हातात चुरगळलेलं. तिनं मिठी मारायला हात पुढं केले आणि थोरलीनं दोन्ही हातांत फाइल धरली.

‘थोरली, तू आज –’

‘तुझ्यासाठी नाही बोलले मी.’

‘असू दे गं. कुणासाठी का असेना.’

हेच ते. कुणासाठी का असेना. हिला काहीही दिलं तरी ही ते घ्यायची, वळून बघायचीच नाही की कुठून आलं, कशात गुंडाळून आलं. थोरलीला वाटलं की आपल्या आत काहीतरी फार उंचावरून खाली येतंय आणि जमिनीला लागायच्या आत आपल्याला काहीतरी धरलं पाहिजे.

‘रविवारी आईकडे जात जाऊ नकोस,’ ती म्हणाली.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. व्हरांड्यातून शिपाई कपांचा ट्रे घेऊन गेला, दोघींनी त्याला वाट दिली. थोरलीला हवं होतं की तिनं का म्हणावं, तुझी काय मक्तेदारी आहे का म्हणावं, मावशींना विचार म्हणावं. भांडणाची तिची सगळी तयारी होती.

‘मावशींना काय सांगू?’

‘काही सांगू नकोस. मी सांगेन.’

‘बरं,’ धाकटी म्हणाली. नाक पुसलं, आणि पुन्हा म्हणाली, ‘बरं. गुडघ्याला शेक चालू ठेव म्हणावं. डावा.’

पुढच्या रविवारी थोरली संध्याकाळीही थांबली. दुपारी मायलेकींनी आईच्या कपाटातले कप्पे आवरले, थोरलीनं शेकायची पिशवी गरम केली, आणि आईनं गुडघा दाखवला. त्याच्यावर आता बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ऊन उतरल्यावर आईनं चहाचं आधण ठेवलं आणि तीन कप काढले.

‘दोनच,’ थोरली म्हणाली.

‘का? येणार नाही ती?’

‘नाही.’

‘बरी आहे ना?’

‘बरी आहे. काम आहे तिला.’

‘पुढच्या रविवारी?’

‘रविवारीच असतं तिचं काम आता.’

आईनं गाळणं हातात धरून तिच्याकडे पाहिलं, ताप मोजताना पाऱ्याकडे बघतात तसं, डोळे बारीक करून. तिनं तिन्ही कपांत चहा ओतला. एक थोरलीच्या पुढं सरकवला, मग उरलेले दोन दोन हातांत घेऊन, लंगडत, दार कोपरानं ढकलून समोर गेली. ‘घ्या हो, जास्तीचा झालाय,’ असं ती बँडवाल्यांना ओरडून सांगत असलेली ऐकू आली, आणि मग त्यांचं काहीतरी, आणि मग आईचं हसणं, ठसका लागेपर्यंत. दार उघडंच राहिलं होतं. थोरली आपला कप धरून बसली. संध्याकाळ सगळीच्या सगळी तिला मिळाली होती.